छप्पर, पार्किंग आणि पावसाचं बिल

फिलाडेल्फियात २०१० पर्यंत पावसाळी गटारांचा खर्च पाण्याच्या मीटरवर बसवलेला होता. मीटर जेवढं मोठं तेवढा आकार मोठा. उंच ऑफिस इमारतीत माणसं जास्त, नळ जास्त, म्हणून मीटर मोठं आणि बिलही मोठं. तिच्या शेजारी पैसे घेऊन गाड्या उभ्या करू देणारं डांबरी मैदान असे. तिथे नळ नाही, म्हणून मीटर नाही, म्हणून खातंच नाही. बिल शून्य. आणि सर आली की गटाराच्या जाळीकडे सगळ्यात जास्त पाणी धाडणार कोण, तर तेच मैदान.

जुलै २०१० पासून शहराने घरगुती नसलेल्या मिळकतींसाठी हिशोबाची रीत बदलायला घेतली आणि चार वर्षांत टप्प्याटप्प्याने ती पूर्ण बदलली. आता मीटरकडे न बघता जमिनीकडे बघतात, तेही वरून, विमानातून काढलेल्या फोटोंतून. पाणी जिथे मुरत नाही तो भाग मोजायचा आणि त्यावर बिल लावायचं. मोठ्या मीटरच्या उंच इमारतींची बिलं उतरली; पसरट गोदामांची आणि पार्किंगवाल्यांची चढली, काहींना तर हे बिल पहिल्यांदाच आलं.

अमेरिकेत अशी फी घेणारी शहरं आणि काउंट्या मिळून सुमारे दोन हजार आहेत. तिथे मोटेल, पेट्रोल पंप, दुकान, गोदाम किंवा दवाखाना चालवणाऱ्या मराठी माणसाच्या बिलावरही ही ओळ असते, आणि बहुतेक जण ती न वाचता भरून टाकतात. वाचायला हवी, कारण या ओळीमागे फक्त एक भागाकार आहे, आणि तो कुठे चुकतो हे ठरावीक आहे.

आधी पाण्याचा हिशोब. एक एकर पूर्ण डांबरी जमिनीवर एक इंच पाऊस पडला तर सुमारे १ लाख २ हजार ८०० लिटर पाणी जमतं. दहा हजार लिटरचे दहा टँकर एकदम रस्त्यावर ओतावेत, तसं. त्याच एकरावर झाडी असती तर यातलं बरंचसं मातीत जिरलं असतं आणि उरलेलं सावकाश वाहिलं असतं. डांबरावरचं पाणी जवळजवळ सगळं निघतं, लगेच निघतं, आणि जाताना तेल, टायरची भुकटी, बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ घेऊन जातं. ते वाहून न्यायला मोठ्या नळ्या लागतात, जाळ्यांतला गाळ उपसावा लागतो, रस्ते झाडावे लागतात, गटारांची नदीकाठची तोंडं तपासावी लागतात. फिलाडेल्फियासारख्या जुन्या शहरात, जिथे सुमारे ६० टक्के भागात पावसाचं आणि मैल्याचं पाणी एकाच नळीतून जातं, मोठ्या सरीत ते मिश्रण सरळ नदीत उसळतं. हे सगळं थांबवायला पैसा लागतो आणि तो कुणाकडून, कोणत्या मापाने घ्यायचा, हा प्रश्न आहे.

वॉशिंग्टन राज्यातल्या बेलव्ह्यू गावाने १९७४ मध्ये पावसाच्या पाण्यासाठी वेगळी सेवा उभी करून तिची वेगळी फी सुरू केली. अशा फीची सुरुवात सहसा तिथूनच धरतात. तिचा खरा प्रसार नंतर झाला. १९९० मध्ये केंद्र सरकारने एक लाखावर वस्तीच्या शहरांना पावसाच्या गटारांसाठी परवाना सक्तीचा केला आणि १९९९ च्या नियमांनी लहान शहरांनाही त्यात ओढलं. परवान्याबरोबर कामं आली, पैसे आले नाहीत. मालमत्ता करातून भागवायचं तर अडचण अशी की तो कर मिळकतीच्या किमतीवर बसतो. छोट्या प्लॉटवरचा महागडा मनोरा भरपूर भरतो. पाच एकर काँक्रीट अंथरलेलं स्वस्त गोदाम थोडं भरतं. शिवाय चर्च, शाळा, रुग्णालयं यांना कर माफ, पण त्यांची पार्किंगं काही लहान नसतात. फी मात्र सेवेची असते, त्यामुळे ती त्यांनाही लागते. केंद्र सरकारच्या इमारतींनी ती भरायची की नाही यावर बरीच वर्षं वाद होता. २०११ च्या सुरुवातीला कायदा होऊन त्यांनीही वाजवी फी भरायची, असं ठरलं.

(मुंबईकराला हे ऐकून आपलं बिल आठवेल. तिथे २०१० पासून मालमत्ता कर भांडवली मूल्यावर आहे. त्यात पाणी, मलनिःसारण, रस्ते असे घटक आहेत, पण अंगणातलं किती काँक्रीट पाऊस गटारात ढकलतं, हे त्या बिलात कुठेच विचारलं जात नाही. जुन्या पर्जन्य जलवाहिन्या ताशी २५ मिलिमीटरच्या हिशोबाने होत्या, नंतर ५० चं लक्ष्य ठेवून त्या वाढवायला घेतल्या. त्यांत पाणी कोण किती सोडतं याची वर्गवारी बिलात नाही.)

दर कसा निघतो

सगळ्यात रूढ पद्धत अशी. शहरातल्या एकट्या घरांचा नमुना घ्यायचा, प्रत्येकाचं छप्पर, गाडीचा रस्ता, ओटा असं न मुरणारं क्षेत्र मोजायचं आणि त्यातला मधला आकडा काढायचा. सरासरी सहसा घेत नाहीत, कारण चार-दोन बंगले ती वर खेचतात. समजा मधला आकडा २,५०० चौरस फूट आला. हे झालं एक ‘घर-एकक’. प्रत्येक घराला एक एकक, आणि धंद्याच्या मिळकतीला तिचं न मुरणारं क्षेत्र भागिले २,५००.

आता एक कल्पित गाव घेऊ. पावसाच्या पाण्याचा वर्षाचा खर्च ३० लाख डॉलर. घरं १२,०००, म्हणजे १२,००० एककं. दुकानं, गोदामं, शाळा, कचेऱ्या मिळून न मुरणारं क्षेत्र ३ कोटी २५ लाख चौरस फूट, म्हणजे १३,००० एककं. एकूण २५,०००. तीस लाख भागिले पंचवीस हजार, म्हणजे एककाला वर्षाला १२० डॉलर, महिन्याला १०. एखाद्या दुकानाचं छप्पर १२,००० आणि पार्किंग ३८,००० चौरस फूट असेल तर ५०,००० म्हणजे २० एककं. बिल महिन्याला २००, वर्षाला २,४०० डॉलर.

प्रत्यक्षात शहर इतक्यावर थांबत नाही. काहींना सवलत मिळणार, काही बुडवणार. पाच टक्के एककं अशी गळणार असं धरलं तर भागायचा आकडा २३,७५० होतो आणि दर महिन्याला सुमारे १०.५३ डॉलर. जाहीर सुनावणीत दर मांडला जातो तेव्हा ही गळती किती धरली, हे विचारावं. जास्त धरली असेल तर जादा पैसा जमत राहतो. कमी धरली असेल तर दोन वर्षांत दरवाढ येते.

यात एक बारीक खोच आहे, जी धंदेवाल्यांच्या क्वचितच लक्षात येते. लोक दरावर भांडतात, पण ओझं कुणावर किती हे एककाचा आकार ठरवतो. वरच्याच गावात नमुना वेगळा घेतला आणि मधला आकडा २,५०० ऐवजी १,८०० आला असं समजा. घरं तरीही एकेकच एकक भरणार. धंद्यांची एककं मात्र १३,००० वरून १८,००० च्या थोडी वर जातात. एकूण सुमारे ३०,०५६, दर वर्षाला साधारण १०० डॉलर. कागदावर दर उतरला! घराचं बिल १२० वरून १०० वर आलं. आणि आपल्या दुकानाची एककं २० वरून जवळजवळ २८ झाली, बिल २,४०० वरून सुमारे २,७७० डॉलरवर गेलं. खर्चात एक डॉलरही वाढ नाही. म्हणून फीचा अभ्यास-अहवाल येतो तेव्हा दराच्या पानाआधी नमुन्याचं पान उघडावं: किती घरं घेतली, कोणत्या वस्त्यांतली, जोडघरं आणि चाळवजा रांगेतली घरं त्यात मिसळली का. ती मिसळली की मधला आकडा खाली येतो.

दुसरी किरकोळ वाटणारी गोष्ट म्हणजे पूर्णांक. २०.१ एककं आली तर काही शहरं २०.१ चं बिल लावतात, काही २० चं, काही सरळ २१ चं. लहान दुकानाला हा फरक टोचतो. दीड एककाचं दोन झालं की बिल एका झटक्यात तिसऱ्या हिश्श्याने वाढतं.

सगळीकडे हीच पद्धत आहे असं नाही. मिनिआपोलिस २००५ पासून प्लॉटचं पूर्ण क्षेत्र घेतं, त्याला जमिनीच्या वापराप्रमाणे वाहाव-गुणांकाने (पडलेल्या पावसातला किती वाटा वाहून जातो, तो आकडा) गुणतं आणि १,५३० चौरस फुटांनी भागतं. ३०,६०० चौरस फुटांचा प्लॉट आणि गुणांक समजा ०.९ असेल तर बरोबर १८ एककं. सोय अशी की प्रत्येक अंगण मोजावं लागत नाही. तोटा असा की ‘दुकान’ म्हणून नोंद झाली की मागे हिरवळ ठेवली तरी गुणांक दुकानाचाच. बेलव्ह्यूसारख्या ठिकाणी बांधकाम किती दाट आहे त्याचे वर्ग पाडतात: मोकळी, विरळ, मध्यम, दाट, अतिदाट.

फिलाडेल्फियाने दोन्ही मापं घेतली. खर्चाचा ८० टक्के भाग न मुरणाऱ्या क्षेत्रावर आणि २० टक्के प्लॉटच्या एकूण क्षेत्रावर, दोन्ही ५०० चौरस फुटांच्या एककांत. एकूण क्षेत्र कशासाठी? कारण मोठ्या सरीत मातीही भरते आणि तिच्यावरूनही पाणी वाहतं. शिवाय रिकाम्या प्लॉटचाही रस्त्यावरच्या गटाराला भार आहेच. मला हा विचार पटतो, पण त्याची किंमत म्हणजे गुंतागुंत. ग्राहकाला बिल समजावून सांगायला खिडकीवर दुप्पट वेळ लागतो.

नकाशा आधी बघा

बिल जास्त वाटलं तर दरावर वाद घालून काही मिळत नाही. तो नगरपरिषदेने मंजूर केलेला असतो. चूक असते ती मोजणीत. बहुतेक शहरं आपल्या मिळकतीचा नकाशा देतात, ज्यावर न मुरणारे भाग रंगवलेले असतात. तो जागेवर नेऊन ताडून पाहावा.

सर्वांत जास्त सापडणारी चूक म्हणजे हद्दीची रेषा सरकलेली असणं. फोटो आणि हद्दीचा नकाशा वेगवेगळ्या ठिकाणांहून येतात आणि दोन-चार फुटांनी जुळत नाहीत. लांबट प्लॉटच्या ३०० फुटी बाजूवर चार फूट सरकले की शेजाऱ्याचं १,२०० चौरस फूट डांबर तुमच्या नावावर. उंच इमारतीची दुसरी गंमत: फोटो अगदी डोक्यावरून नसेल तर इमारत कलती दिसते आणि तिचं छप्पर बाजूच्या जमिनीवर पडल्यासारखं रंगवलं जातं. पाडलेली शेड जुन्या फोटोत उभीच असते. सावली डांबर समजली जाते. झाडांखाली दडलेलं डांबर उलट तुमच्या फायद्याचं. ते टाळायला शहरं पानं नसलेल्या दिवसांत, वसंताच्या सुरुवातीला फोटो काढून घेतात.

खडीवरून होणारे वाद वेगळे. मालक म्हणतो, खडीतून पाणी जातं. पसरून ठेवलेल्या खडीतून जातंही. पण तिच्यावरून ट्रक फिरून खालची माती दगडासारखी बसली की ती डांबराच्या जवळपासच वागते, आणि म्हणून बहुतेक शहरं गाड्या फिरणारी खडी न मुरणारी धरतात. हा वाद लढवण्यात वेळ घालवू नये, त्या शहराच्या नियमावलीत व्याख्या काय आहे ते पाहून सोडावा. सार्वजनिक रस्ता अनेक ठिकाणी मोजत नाहीत, कारण त्याची कडच पाणी वाहून नेते; मॉलच्या आतला खासगी रस्ता मात्र मोजतात.

अर्जाला सहसा तीन गोष्टी लागतात: शहराच्या नकाशाची प्रत चुकीच्या जागी खूण करून, ताजे फोटो, आणि फरक मोठा असेल तर परवानाधारक मोजणीदाराचा नकाशा. मोजणीदाराचा खर्च आणि वाचणारं बिल यांचं गणित आधी करावं. बऱ्याच ठिकाणी ठरावीक मर्यादेखालचा फरक विचारातच घेत नाहीत आणि परतावा मागच्या मर्यादित काळापुरताच देतात, म्हणून उशीर महाग पडतो. अर्ज चालू असताना बिल भरत राहावं. थकबाकी अनेक ठिकाणी मिळकतीवर बोजा म्हणून चढते.

सवलत, आणि तिची खरी किंमत

पाणी जागेवरच मुरवलं किंवा साठवून सावकाश सोडलं तर बिलात सवलत मिळते. ही शहराची निव्वळ मेहेरबानी नाही, तिच्यामागे कोर्टही आहे. मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये लॅन्सिंग शहराची पावसाची फी म्हणजे प्रत्यक्षात कर आहे आणि मतदारांच्या संमतीशिवाय तो लावता येत नाही, असा निकाल दिला. फी की कर या कसोटीत तीन गोष्टी होत्या: आकारणीमागे नियमनाचा हेतू आहे का, ती सेवेच्या खर्चाच्या प्रमाणात आहे का, आणि ती काही प्रमाणात तरी ऐच्छिक आहे का. स्वतःच्या कृतीने बिल कमी करता येत असेल तर तिसऱ्या मुद्द्यावर शहराला बोलायला जागा राहते. सवलतीची सोय नसलेली फी कोर्टात आणि लोकांतही अडखळते.

किती मुरवायचं? फिलाडेल्फियाने बरीच वर्षं पहिला एक इंच पाऊस हे माप धरलं, पुढे दीड इंचावर नेलं. आपल्या दुकानाच्या ५०,००० चौरस फुटांवर एक इंच म्हणजे सुमारे ४,१६७ घनफूट, जवळजवळ १ लाख १८ हजार लिटर. अर्धा फूट पाणी तुंबू देणारी पाऊसबाग (पावसाचं पाणी मुरवायला केलेली खोलगट बाग) केली तर वरवरच्या हिशोबाने ८,३३० चौरस फूट जागा लागते, म्हणजे पार्किंगच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त. त्याऐवजी पार्किंगखाली दगडांचा थर घातला आणि त्यात ४० टक्के पोकळी धरली, तर १०,४०० घनफूट दगड. तीन फूट खोल म्हणजे सुमारे ३,४७० चौरस फुटांचा खड्डा. जागा वाचते, खोदाईचा खर्च वाढतो. आणि खालची माती चिकण असेल तर पाणी मुरतच नाही, म्हणून आराखड्याआधी मातीत पाणी किती वेगाने जिरतं याची चाचणी करून घेणं हा सगळ्यात कमी खर्चाचा आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा टप्पा आहे.

नुसती फी वाचवायला म्हणून पार्किंग उखडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ५,००० चौरस फूट डांबर काढलं तर आपल्या गावात दोन एककं, म्हणजे वर्षाला २४० डॉलर वाचतात. काढून माती-हिरवळ करायला चौरस फुटाला समजा ५ डॉलर लागले तर खर्च २५,०००. तो वसूल व्हायला १०४ वर्षं. पार्किंग नाहीतरी नव्याने करायचंच आहे, किंवा शहर अनुदान देतंय, तेव्हाच हे जमतं. फिलाडेल्फियात अशी अनुदानं दिली जातात, आणि खासगी जमिनीवरचे मोठे प्रकल्प बहुतांश त्यांच्याच जोरावर उभे राहतात.

फुकटात सापडणारी सवलत वेगळीच असते. इमारत बांधताना परवानगीच्या अटीमुळे मागे एखादं साठवण-तळं केलेलं असतं आणि पुढच्या मालकाला त्याचा पत्ता नसतो. शहराच्या नियमांत ते बसत असेल आणि ५० टक्के सवलत असेल, तर अर्ज आणि अभियंत्याचा दाखला एवढ्यावर वर्षाला १,२०० डॉलर सुटतात. मिनिआपोलिसमध्ये पाण्याची गुणवत्ता सुधारल्याबद्दल ५० टक्क्यांपर्यंत, आणि वाहणाऱ्या पाण्याचं प्रमाण आवरल्याबद्दल दहा वर्षांतून एकदा येण्याजोगी सर सांभाळली तर ५०, शंभर वर्षांतून एकदा येण्याजोगी सांभाळली तर १०० टक्क्यांपर्यंत सवलत आहे. शंभर वर्षांची सर म्हणजे दरवर्षी एक टक्का शक्यता असलेली. लागोपाठच्या दोन वर्षांतही ती येऊ शकते. बहुतेक शहरं मात्र पूर्ण माफी देत नाहीत, कारण तुमच्या गेटबाहेरचा रस्ता तुम्हीही वापरता आणि तिथलं पाणी शहरालाच न्यावं लागतं.

मिळालेली सवलत टिकवणं हे खरं काम. पाणी पाझरणाऱ्या फरशीच्या फटींत हिवाळ्यातली वाळू बसते आणि दोन-तीन वर्षांत ती साध्या फरशीसारखी होते; वर्षातून किमान एक-दोनदा वाळू ओढून घेणाऱ्या यंत्राने झाडावी लागते, पाण्याच्या फवाऱ्याने नाही, कारण फवारा वाळू आणखी खाली दाबतो. तळ्याच्या तोंडाशी पाणी सावकाश सोडणारं भोक लहान असतं. पानांनी ते बुजतं आणि पाणी वरच्या सांडव्यातून न थांबता निघून जातं. पाऊसबागेत दोन-तीन दिवसांनंतरही पाणी उभं दिसलं तर खाली गाळ बसला आहे, आणि डास येण्याआधी वरचा थर बदलायला हवा. फिलाडेल्फियात सवलत चार वर्षांची असते, मग नव्याने अर्ज. तपासणीच्या तारखा आणि फोटो यांची वही नसेल तर चांगली चालणारी यंत्रणासुद्धा कागदावर बंद ठरते.

भाडेकरूंनी एक गोष्ट पाहावी. कर, विमा, देखभाल सगळं भाडेकरूवर असलेल्या करारात ही फी ‘सामाईक खर्चा’त येते आणि मॉलमध्ये ती बहुधा दुकानाच्या आतल्या क्षेत्राप्रमाणे वाटली जाते. पार्किंग जास्त वापरणारा आणि कमी वापरणारा, दोघांना सारखंच. सवलत मिळवण्याचा खर्च मालकाचा आणि फायदा भाडेकरूचा, म्हणून कुणीच हलत नाही. करारात आधीच लिहून घेतलं तरच ही गाठ सुटते.

राजकारण वेगळंच आहे. मेरीलँडने २०१२ मध्ये दहा मोठ्या भागांना ही फी सक्तीची केली, विरोधकांनी तिला ‘पावसावरचा कर’ म्हटलं आणि २०१५ मध्ये सक्ती गेली. फी ठेवायची की नाही हे त्या-त्या भागावर सोडलं. न्यू जर्सीने मार्च २०१९ मध्ये कायदा केला तो सक्तीचा नाही, परवानगीचा: गावाला वाटलं तर फी लावता येते, शेतीच्या जमिनीला सूट आणि पाणी सांभाळणाऱ्याला सवलत ठेवावी लागते. एडिसनच्या आसपास मिळकत घेणाऱ्या मराठी धंदेवाल्याला आज हे बिल नसेल, उद्या येऊ शकतं. खरेदी करताना विकणाऱ्याकडून जागेवरच्या तळ्याचा मूळ मंजूर आराखडा आणि देखभालीचा करार मागून घ्यावा. नंतर हे कागद शोधायला नगरपालिकेच्या दप्तरात दिवस जातात, आणि सवलतीच्या अर्जाला लागणारं पहिलं पान तेच असतं.